खेळाच्या गप्पांत आडनाव कशाला?

आपल्या वस्त्यांतील कोणतीही बैठक घ्या. विहारातील असो, जयंती मंडळाची असो की महिला बचत गटाची असो, अलीकडे एक तक्रार हमखास ऐकू येते. पोट्टे रात्र-रात्र मोबाईलवर खेळतात, कानात वायर घालून एकटेच बडबडतात आणि विचारले तर "गेम चालू हाय" एवढेच सांगतात. यवतमाळचा पाटीपुरा असो की पुसद, दिग्रस, दारव्हा, वणीच्या वस्त्या असोत, आईबापांचे गाऱ्हाणे एकच. चळवळीतील ज्येष्ठ मंडळीही मग भाषणात दोन वाक्ये टाकतात, की बाबासाहेब अठरा-अठरा तास अभ्यास करीत होते आणि आमची पिढी अठरा-अठरा तास मोबाईल खेळते. टाळ्या पडतात. भाषण संपते. पोट्टे पुन्हा खेळायला बसतात.

आमचे म्हणणे थोडे वेगळे आहे. पोट्टे काय खेळतात याची चर्चा भरपूर झाली. ते खेळताना काय बोलतात, कोणाशी बोलतात आणि बोलता बोलता एकदम गप्प का होतात, याची चर्चा मात्र कोणी करीत नाही. आम्हाला हा दुसरा प्रश्न जास्त महत्त्वाचा वाटतो.

ज्यांनी हे खेळ पाहिले नाहीत त्यांच्यासाठी थोडे सांगणे भाग आहे. फ्री फायर किंवा बीजीएमआय हे खेळ बहुधा चौघांचा गट करून खेळतात. पहिल्यात साधारण ५० जण, दुसऱ्यात १०० जण विमानातून एका बेटावर उतरतात, एकमेकांना मारतात आणि शेवटी जो गट उरतो तो जिंकतो. गटातले चौघे एका गावचे असतीलच असे नाही. एक आर्णीचा, एक नांदेडचा, एक पुण्यात कंपनीत कामाला असलेला आणि चौथा कुठचा ते कोणालाच ठाऊक नाही, असेही चालते. सामना सुरू होण्याआधी 'लॉबी' नावाच्या जागेत थांबावे लागते. चौघांपैकी एक आधी मेला, तर बाकीचे खेळेपर्यंत त्याला नुसते पाहत बसावे लागते. या रिकाम्या वेळात माईक चालूच असतो. आणि माणसाच्या तोंडाला रिकामा वेळ मिळाला की काय होते, हे पानटपरीवर बसणाऱ्या आमच्या वाचकांना समजावून सांगायला नको!

आम्ही अशा काही पोरांच्या शेजारी मुद्दाम बसून ऐकले. तासाभराच्या खेळात खेळाविषयीचे बोलणे फार तर दहा-पंधरा मिनिटांचे. "मागून येऊन रायला बे", "गोळ्या दे", "उचल मले", इतकेच. बाकी सगळे बोलणे खेळाच्या बाहेरचे. तुमच्याकडे पाणी आले का, सोयाबीन काढले का, पोलीस भरतीत सोळाशे मीटर किती मिनिटांत मारले, परीक्षेचा निकाल अडकला का, बहिणीच्या लग्नाला जेवणात काय होते, कोणाच्या बापाने दारू सोडली, कोणाच्या बापाने पुन्हा धरली. एका पोराने बाकीच्यांना कापसाच्या वेचणीचा किलोमागचा दर विचारला आणि चारही गावांचे दर ऐकून म्हणाला, "म्हणजे आमच्याच मालकानं आमाले चुना लावला!" ही माहिती त्याला कोणत्या पुढाऱ्याने दिली नव्हती. बंदुकीच्या खेळात मेल्यानंतरच्या चार मिनिटांत ती मिळाली.

या गप्पांत आणखी एक गोष्ट आहे. पैनगंगेच्या अलीकडच्या तांड्यावरचा पोट्टा आणि पलीकडचा, तेलंगणातल्या आदिलाबादकडचा पोट्टा एका गटात आले की दोन मिनिटांत दोघे गोरमाटीवर येतात. एकाच्या शाळेत मराठी, दुसऱ्याच्या शाळेत तेलुगू, पण आजीची भाषा एक. नदीच्या त्या काठाला बंजारा समाज अनुसूचित जमातीत आणि या काठाला विमुक्त जातीत, हा फरक त्या दोघांना पुस्तकातून नव्हे तर शिष्यवृत्तीचा विषय निघाला म्हणून कळतो. आमच्या वऱ्हाडी पोट्ट्यांनाही सुरुवातीला पुण्या-मुंबईचे गडी हसतात. 'मले', 'तुले', 'काऊन', 'कायले' ऐकले की त्यांना सिनेमातला विनोदी नोकर आठवतो. पण आठवडाभरात तेच पुणेकर "काऊन बे" म्हणू लागतात, हेही आम्ही ऐकले आहे. कोलामांच्या पोडावर मात्र अजून धड रेंजच पोहोचत नाही, त्यामुळे या गप्पांत कोलामीचा आवाज जवळपास नाहीच. तो एक वेगळा अन्याय आहे, त्यावर पुन्हा कधी तरी.

गावच्या पारावर कोण बसायचे आणि कोण खाली उभे राहायचे हे आमच्या वडीलधाऱ्यांना सांगावे लागत नाही. चावडीपुढे चप्पल काढून उभे राहिलेले लोक अजून आपल्यात जिवंत आहेत. त्या पारावर गप्पा व्हायच्या, हसणे-खिदळणे व्हायचे, बातम्या कळायच्या, सोयरिकी जुळायच्या. आमच्या माणसाला त्या गप्पांत जागा नव्हती. कामाचा हुकूम ऐकायला मात्र होती. हा नवा पार निराळा आहे. येथे पायऱ्या नाहीत. टोपणनाव घ्यायचे, 'किंग', 'टायगर', 'विदर्भ एक्स्प्रेस' काहीही, आणि बसायचे. त्या टोपणनावाला आडनाव नसते. आमच्या पोरांना हा खेळ का आवडतो याचे एक कारण, आमच्या मते, येथे आहे. बंदूक तर सगळ्यांनाच आवडते!

पण हे फार दिवस टिकत नाही. गप्पा रंगल्या, ओळख वाढली, की एका रात्री कोणीतरी सहज विचारतो, "भाऊ, पूर्ण नाव काय तुझं?"

प्रश्न साधा आहे. विचारणाऱ्याच्या मनात काही असेलच असेही नाही. पण या देशात पूर्ण नाव विचारणे म्हणजे काय विचारणे असते, हे आम्हाला कोणी शिकवायची गरज नाही. पोट्टा नुसते पहिले नाव सांगतो. मग पुढचा प्रश्न येतो, "आडनाव?" आडनावावरून अंदाज लागला नाही, तर "गावात कोणत्या बाजूले राह्यतं?" तेही जमले नाही, तर "चौदा एप्रिलले ऑनलाइन नव्हता, कुठी होता?" खेळात इतकी चिकाटी दाखवली असती तर ही मंडळी राज्यात पहिली आली असती!

कधी कधी विचारण्याचीही गरज पडत नाही. माईक उघडा असतो. घरात भीमगीत लागलेले असते, आजी मोठ्याने "जयभीम" करून कोणाला निरोप देते, किंवा फोनची रिंगटोन वाजते. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाचा खून झाला. बाबासाहेबांवरील गाण्याची मोबाईलची रिंगटोन हे त्या भांडणाचे निमित्त असल्याचे तेव्हा समोर आले होते. ही बातमी ज्या घरांनी वाचली, त्या घरातला पोट्टा माईक का बंद करतो, हे पुण्याच्या गड्याला कसे कळणार? तो म्हणतो, "याचं नेट गेलं वाटतं."

येथे आम्हाला पळवणकर बाळूंची आठवण होते. १८७६ साली जन्मलेला हा चर्मकार समाजातील माणूस पुण्याच्या गोऱ्यांच्या क्लबात मैदानाची निगा राखायचा आणि सरावासाठी साहेबांना चेंडू टाकायचा. पुढे तो हिंदूंच्या संघातून खेळू लागला. १९११ साली इंग्लंडच्या दौऱ्यावर गेलेल्या संघात बाळूंनी शंभराहून अधिक बळी मिळवले. मैदानावर त्यांनी टाकलेला चेंडू बाकीचे खेळाडू बिनतक्रार हातात घ्यायचे, कारण चेंडूला हात लावल्याशिवाय सामना जिंकता येत नव्हता. पण पुण्यात खेळत असताना चहाची वेळ झाली की बाकीचे मंडपात कपबशीतून चहा घ्यायचे आणि बाळूंना बाहेर, फेकून देण्याच्या मातीच्या भांड्यात चहा मिळायचा. (पुढे १९३७ च्या निवडणुकीत हेच बाळू बाबासाहेबांच्या विरोधात उभे राहिले आणि पडले. तो राजकारणाचा भाग झाला. त्यामुळे त्यांचा मातीचा पेला काही सोन्याचा होत नाही.)

आता पाहा. खेळ चालू असताना बाळू संघाचे होते. खेळ थांबला, चहा आला, गप्पा सुरू झाल्या, की बाळू अस्पृश्य होते. जात मैदानावर नव्हती असे नाही, त्यांना कर्णधारपद कधी मिळाले नाही ते जातीमुळेच. पण जातीला खरी मोकळीक मिळाली ती चहाच्या वेळेत. आमच्या पोट्ट्यांचा अनुभव शंभर वर्षांनंतर फार वेगळा आहे काय? गोळ्या चालू असतात तोवर "भाऊ, वाचव, भाऊ!" आणि लॉबीत आले की "आडनाव?"

ज्याने विचारले त्याच्या बाजूनेही एक बाब नोंदवली पाहिजे. सगळेच काही टोचून विचारत नाहीत. खेड्यात माणूस ओळखायची रीतच ती आहे, आणि कित्येकांना आपण काय विचारले याची जाणही नसते. पण जाण नसणे हीसुद्धा एक चैन आहे, आणि ती चैन कोणाला परवडते तेही पाहावे लागते.

उघड शिव्यांचा प्रकार तर वेगळाच. या खेळांच्या बोलण्यात 'छपरी' हा शब्द इतका रुळला आहे की आपलीच पोरे एकमेकांना त्या नावाने हाक मारतात. हा शब्द छप्परबंद समाजाच्या नावावरून आला असे सांगितले जाते. छप्परबंद ही महाराष्ट्राच्या विमुक्त जातींच्या यादीतली एक जात आहे. दुसऱ्यांच्या घरांवर छप्पर घालणाऱ्या माणसांच्या नावाची शिवी झाली! आणि ती कोणाला दिली जाते? बीजीएमआय खेळणारा फ्री फायर खेळणाऱ्याला देतो. कारण फ्री फायर साध्या, कमी किमतीच्या फोनवरही चालतो आणि दुसऱ्याला बरा फोन लागतो. म्हणजे ज्याचा फोन स्वस्त तो छपरी. शेतमजुराच्या पोराने आईच्या फोनवर खेळायचे आणि वर ही शिवी खायची. आमचा पोट्टाही जरा बरा फोन हाती आला की दुसऱ्याला छपरी म्हणायला लागतो, हे आम्ही पाहिले आहे आणि ते आम्हाला मुळीच आवडलेले नाही. बाबासाहेबांनी जातीला खालीवर रचलेल्या विषमतेची व्यवस्था म्हटले. प्रत्येकाला खाली पाहायला कोणीतरी ठेवलेले असते म्हणून ती टिकते. फोनच्या किमतीवरही ती रचता येते, हे आमच्या काळाने दाखवून दिले.

परीक्षांच्या निकालाच्या हंगामात आणखी भर पडते. कोणी सांगितले की माझे नाव यादीत आले, की तिकडून "कोट्यातून ना?" असा प्रश्न येतो. त्याने रात्री दोनपर्यंत खेळूनही पहाटे पाचला उठून मैदान मारलेले असते ते कोणी विचारत नाही. 'भीमटे' वगैरे शब्दही ऐकू येतात. हसत हसत येतात. आणि प्रत्येक वेळी पुढे जोड येते, "मजाक करून रायलो बे, दिल पे मत ले."

मग आमचे पोट्टे काय करतात? काही जण गप्प गट सोडतात. दुसऱ्या दिवशी दुसरे टोपणनाव, दुसरे मित्र. काही जण खोटे आडनाव सांगतात. देशमुख, पाटील, जे पहिले सुचेल ते. काही जण भिडतात, आईबहिणीवर येतात आणि शेवटी खेळाच्या कंपनीकडून त्यांचेच खाते बंद होते, कारण शिवी मोजणारे यंत्र शिवी कोणी आधी दिली ते पाहत नाही.

खोटे आडनाव सांगणाऱ्याला आपल्याकडची काही मंडळी लगेच भित्रा ठरवतात, समाजद्रोही म्हणतात. आम्हाला हे पटत नाही. जो माणूस सतरा वर्षांचा आहे, रात्री अकरा वाजता अंधाऱ्या खोलीत अंथरुणात बसून तीन अनोळखी आवाजांना तोंड देतो आहे, त्याच्यावर साऱ्या चळवळीचे ओझे टाकायचे कारण नाही. स्वाभिमान शिकवावा, जरूर शिकवावा. पण ढाल घेणाऱ्याला भित्रा म्हणण्याआधी तलवार कोणाच्या हातात आहे ते पाहावे. प्रश्न त्याने आडनाव का लपवले हा नाही. बाकीचे दोघे गप्प का बसले हा आहे. कारण "आडनाव?" विचारणारा एकच असतो. बाकी दोघांनी "सोड ना बे, गेम लाव" एवढे पाच शब्द उच्चारले असते तरी विषय संपला असता. हे पाच शब्द म्हणणारा मित्र आम्हाला जातिअंतावर दोन तास भाषण देणाऱ्या विद्वानापेक्षा अधिक मोलाचा वाटतो.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिप्रथेच्या विध्वंसनावर जे लिहिले त्यात समता आणि स्वातंत्र्याबरोबर बंधुतेचा आग्रह धरला आणि २५ नोव्हेंबर १९४९ रोजी घटना समितीतील भाषणात तोच आग्रह पुन्हा मांडला. माणसांचा माणसांशी मोकळा, नाना प्रकारचा संबंध आला पाहिजे, एका गटातले विचार दुसऱ्यात झिरपले पाहिजेत, हा त्यांचा विचार होता. समता कायद्याने थोडीफार आणता येते. बंधुता मात्र माणसे एकत्र बसून निरर्थक गप्पा मारतात तेव्हाच येते. कामाच्या बोलण्यातून ती येत नाही. मालक आणि मजूर कामाचे रोजच बोलतात!

कायद्याचे काय, असे वाचक विचारतील. अनुसूचित जाती व जमाती अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा. त्यात झालेली दुरुस्ती २६ जानेवारी २०१६ पासून अमलात आली. कलम ३(१)(आर) आणि ३(१)(एस) नुसार सार्वजनिक दृष्टिक्षेपात येईल अशा ठिकाणी हेतुपुरस्सर अपमान करणे, जातीचे नाव घेऊन शिवीगाळ करणे हा गुन्हा आहे. केरळ उच्च न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये एका अटकपूर्व जामिनाच्या प्रकरणात, इंटरनेटवरून केलेला असा अपमानही या कायद्याखाली येऊ शकतो आणि पीडित व्यक्ती तेथे देहाने हजर असणे आवश्यक नाही, असे म्हटले. हा दाखला आपल्या वकिलांनी जवळ ठेवावा. पण चौघांच्या बंद गटातले बोलणे 'सार्वजनिक दृष्टिक्षेपात' बसते का यावर वाद होईल. शिवाय बोललेला शब्द हवेत जातो. ध्वनिमुद्रण नसेल तर ठाण्यात काय दाखवणार? आणि टोपणनावाच्या मागे कोण आहे हे शोधायला ठाणेदार किती उत्साह दाखवील, याचा अनुभव आपल्याला इतर प्रकरणांत पुरेसा आहे. म्हणून फोनमधील पडद्याचे चित्रण करण्याची सोय पोरांनी वापरायला शिकावे. खेळातच तक्रार करायचे बटण असते, ते दाबावे. २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनुसार अशा कंपन्यांना तक्रार अधिकारी नेमावा लागतो आणि तक्रारीची पोच चोवीस तासांत द्यावी लागते. केंद्र सरकारच्या सायबर गुन्ह्यांच्या संकेतस्थळावरही तक्रार करता येते. हे सगळे करावे. मात्र कायद्याने गप्पा सुधारतील, असे आम्ही म्हणणार नाही.

मुलींबद्दल दोन शब्द लिहिले नाहीत तर हा लेख अर्धाच राहील. मुलीही खेळतात. पण त्यांचा माईक बंद असतो. आवाज मुलीचा आहे हे कळले की आडनावाच्या आधी नंबर मागितला जातो, आणि नाही म्हटले की मग आडनाव काढले जाते. आमच्या एका परिचित मुलीने वर्षभर गटात मुक्यानेच खेळून सर्वांत जास्त सामने जिंकून दिले. बाकीच्या तिघांना तो 'भाऊ'च वाटत होता. पोरांच्या गप्पांना पार मिळाला, मुलींना अजून पाराच्या मागची भिंतही मिळालेली नाही.

या सगळ्यावर ज्येष्ठांचे उत्तर ठरलेले आहे: बंदच करा हा खेळ! एक फरक येथे ध्यानात घ्यावा. पैसे लावून खेळायची रमी, सट्ट्यासारखे खेळ आणि हे खेळ एक नव्हेत. पैशाच्या ऑनलाइन खेळांना बंदी घालणारा कायदा संसदेने ऑगस्ट २०२५ मध्ये मंजूर केला, २२ ऑगस्टला त्याला राष्ट्रपतींची संमती मिळाली आणि त्यात ई-स्पोर्ट्सला वेगळी मान्यता दिली आहे. रमीत घर बुडालेली माणसे आपल्या जिल्ह्यात आहेत. त्या कायद्याचे आम्ही स्वागतच करतो. झोप, अभ्यास, डोळे याविषयी आईबाप बोलतात तेही खरेच आहे, त्यावर वाद नाही.

पण बंदी आपण एकदा पाहिली आहे. गलवानच्या चकमकीनंतर २ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने पबजीसह ११८ ॲपवर बंदी घातली आणि ३० ऑक्टोबरला तो खेळ भारतात पूर्ण थांबला. १४ फेब्रुवारी २०२२ ला आणखी ५४ ॲप गेले, त्यात फ्री फायर होता. पबजी २०२१ च्या जुलैत नव्या नावाने परत आला, २०२२ च्या जुलैत पुन्हा काढला गेला, २०२३ च्या मे महिन्यात पुन्हा आला. फ्री फायरचा 'मॅक्स' हा भाऊबंद चालूच राहिला. वर्तमानपत्रांनी तेव्हा कंपन्यांचे किती कोटी बुडाले ते छापले. पोरांचे काय बुडाले ते कोणी विचारले नाही.

आम्ही विचारले. आमच्या ओळखीचा घाटंजी तालुक्यातला एक तरुण म्हणाला, की टाळेबंदीत रोज रात्री ज्याच्याशी बोलायचो तो गडी गेला. टाळेबंदीत याच्या वडिलांची मजुरी बंद होती, तिकडे त्याच्या भावाची नोकरी गेली होती. दोघे खेळ बाजूला ठेवून तेच बोलत बसायचे. याने त्याला बापाच्या कर्जाचेही सांगितले होते, जे घरात आईशीही बोलता येत नव्हते. या जिल्ह्यात घरचे दुःख घरातच कोंडून ठेवण्याची काय किंमत मोजली गेली ते १९ मार्च १९८६ पासून, महागाव तालुक्यातल्या चिलगव्हाणच्या साहेबराव करपे कुटुंबापासून आपण मोजत आलो आहोत. २०१७ साली फवारणीच्या विषबाधेने वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले ते याच जिल्ह्यात. येथल्या पोट्ट्याला मन मोकळे करायला एक अनोळखी आवाज मिळाला असेल, तर त्याला आम्ही टाइमपास म्हणणार नाही.

तर तो गडी गेला. शोधायचा कसा? याने त्याला खरे नाव कधी सांगितले नव्हते, खोटे आडनाव सांगितले होते. त्यानेही आपले टोपणनाव तेवढे सांगितले होते. गाव 'इकडे परभणीकडं' इतकेच ठाऊक. त्या गटातले जे दोघे सवर्ण घरचे होते, त्यांनी एकमेकांना पहिल्याच आठवड्यात पूर्ण नाव, गाव, फोन नंबर सगळे दिले होते. ते अजून बोलतात, एक दुसऱ्याच्या लग्नाला जाऊन आला. आमच्या पोट्ट्याने ज्या ढालीने स्वतःला वाचवले, तिच्याच मागे त्याचा मित्र हरवला. आणि त्याने आम्हाला जे पुढे सांगितले ते असे, "सर, आता वाटते तोही आपलाच होता. तोही आडनाव सांगत नव्हता ना."

हे नुकसान कोणत्याही आकडेवारीत येत नाही.

यावर आपल्यातील काही उत्साही कार्यकर्ते सुचवतात, की आपल्या पोरांचे आपले वेगळे गट काढू, निळ्या झेंड्याचे चिन्ह लावू, कोणाच्या बापाची भीती नाही. त्यांची कळकळ आम्हाला समजते. स्पर्धेसाठी असा एखादा गट जरूर असावा, १४ एप्रिलला जयंतीनिमित्त सामने भरवावेत, आम्ही बक्षीस द्यायला येऊ. पण रोजच्या गप्पांसाठी वेगळा गट म्हणजे गावाच्या दक्षिणेला पुन्हा वेगळी वस्ती. या वेळी ती आपणच आपल्या हाताने बांधायची काय? ज्यांनी वस्ती वेगळी ठेवली त्यांची तर त्यात सोयच आहे. आमच्या पोराने त्याच चौघांच्या गटात राहावे, चांगले खेळावे, "काऊन बे" म्हणावे, आणि ज्या दिवशी त्याला वाटेल त्या दिवशी आपले नाव आडनावासकट सांगावे. त्याच्या सोयीने, दुसऱ्याच्या चौकशीने नव्हे.

आणि जे गट चालवतात, क्लॅन म्हणा, गिल्ड म्हणा, त्यांचे प्रमुख बहुधा वीस-बावीस वर्षांचे असतात. कोणाला घ्यायचे, कोणाला काढायचे हे त्यांच्या हाती असते. सरपंचाला नसतो इतका अधिकार या पोरांना आहे! दिग्रसकडच्या एका गटाचे नियम आम्हाला एका पोराने त्याच्या फोनवर दाखवले. गटात बौद्ध, बंजारा, कुणबी, मुसलमान, आंध, सगळेच आहेत, प्रमुख कुणबी आहे. नियम तीनच आहेत. पहिला, कोणी कोणाला आडनाव विचारायचे नाही, ज्याचे त्याने सांगितले तर ऐकायचे. दुसरा, जातीवरून किंवा धर्मावरून बोलला तर कितीही भारी खेळाडू असो, बाहेर. तिसरा, रात्री अकरानंतर माईक हळू, घरचे दिवसभर वावरात राबून झोपलेले असतात.